अंगात न गेलेला १४ नंबर

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन थ्रिफ्ट पेजवरून एक जुना ड्रेस मागवला, साठच्या दशकातला, इंपोर्टेड, बॉटल ग्रीन, आणि लेबलवर १४ बघून मी म्हटलं चला, आपल्याला तर सैलच होईल. डोक्यातून घातला आणि छातीवर अडकला. वर जाईना खाली येईना, दोन्ही हात वर, तोंड आत, आणि नवरा दाराबाहेरून विचारतोय की कात्री आणू का. कात्री म्हणे! दहा मिनिटांनी सुटले पण काखेतली शिवण टर्रकन गेली ती गेलीच. रिटर्न नाही, पेजवाली म्हणते साइज लिहिला होता ना मॅम.

होता लिहिलेला, खरंय. नंतर शोधत बसले तेव्हा कळलं की अमेरिकेत १९५८ साली जी सरकारी मापं ठरली त्यात ८ नंबर म्हणजे छाती ३१ आणि कंबर साडेतेवीस इंच! तिकडच्या आजच्या ८ नंबरची कंबर त्याहून पाचेक इंच तरी जास्त असते, कारण गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपन्या आकडा तोच ठेवून कपडा मोठा करत गेल्या. म्हणजे जुना १४ आणि आजचा १४ यांची ओळखदेखसुद्धा नाही. वर तेव्हाच्या बायका आत पोट दाबणारा गर्डल घालायच्या आणि ड्रेस त्या पोटावर बेतलेले, आपण काय नुसता श्वास रोखून उभं राहणार.

आता मी लेबल बघतच नाही. कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत किती भरतो ते विचारते, त्याची दुप्पट म्हणजे छाती, आणि घरातला नीट बसणारा कुर्ता तसाच पसरून ताडून बघते. छातीला अंगापेक्षा दोन इंच तरी जास्त हवेत. कंबर, सीट, उंची टेलर बघून घेतो, पण खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, बसत नसेल तर सरळ सोडून द्यायचा, कितीही जीव जडला तरी.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आईचे जुने ब्लाउज, आईची मॅक्सी घालून फोटो टाकायची फॅशन आहे ना, ते मला कधी जमलंच नाही. आई शिडशिडीत, तिचा ब्लाउज माझ्या दंडातच थांबतो. वीस वर्षं ऐकतेय, जरा बारीक हो की मग आईचं सगळं तुलाच होईल. मीही मान डोलवत राहिले!

दिवाळीच्या आधी कसब्यात आत्याकडे आवरायला गेले. तिची ट्रंक बोहारणीला जायच्या बेतात होती, डांबरगोळ्यांचा वास नुसता, त्यात एक विटकरी रंगाचा कॉटनचा कमीज, १९७४ साली नोकरी लागल्यावर शिवून घेतलेला. वरून अंगाबरोबर आणि कमरेखाली ए लाइन सुटणारा. गंमत म्हणून घातला. खांदा खांद्यावर, कंबर कमरेवर, आणि सीटवरून असा पडला की मी आरशासमोर उभीच. काखेत जरा काचत होता तेवढंच. आत्या म्हणाली, "अगं तू आईवर कुठे गेलीयेस, ही आमच्या घराण्याची सीट आहे."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्याकडे तेव्हा बाईमाणसाचं बहुतेक सगळं टेलरकडेच शिवलेलं असायचं, एका बाईच्या मापाचं, त्यात कुठला आलाय एस-एम-एल. म्हणजे साइज शोधण्यात अर्थ नाही, आपल्या बांध्याची बाई शोधायची. ती आत्या असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील. आणि सीट लपवा, दंड झाका हे सल्ले मला नकोत. अरुंद खांदे आणि जड सीटला ए लाइन खुलते, साठच्या दशकातले अंगाला चिकटणारे कमीज माझ्यावर लोडाच्या अभ्र्यासारखे दिसतात, इतकं साधं आहे.

ट्रंक नसेल तर पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार-रविवार. तिथे जास्त करून लोखंड, घड्याळं, नाणी, पण कपड्यांचे ढीगही लागतात. कपडा उजेडात धरून बघा, सिल्क असेल तर घडीवर विरलंय का ते आधी, ते पुन्हा सांधत नाही. आणि शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा काढून जाळा, टेरिलिन, म्हणजे पॉलिएस्टर, वितळून कडक मणी होतो, कॉटनची राख होते. टेरिलिन पन्नास वर्षं टिकतं म्हणूनच ढिगात तेच जास्त, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ते घालून दाखवा मला.

तर कमीज घेऊन नारायण पेठेतल्या म्हाताऱ्या टेलरकाकांकडे गेले, म्हटलं काखेतली शिवण सोडून सैल करून द्या. त्यांनी उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले आत इंचभर माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, आहे अजून. पूर्वी बाई भरणार, बाळंतपणं होणार हे धरूनच शिवायचे, आता ओव्हरलॉक करून कापूनच टाकतात, सोडायला काही उरत नाही. शिवण उसवली तर आतला विटकरी रंग असा ताजा की बाहेरचा एकदम म्हातारा वाटायला लागला. मग ते थांबले. शिवणीच्या शेजारी सुईच्या भोकांची आणखी एक ओळ होती, अगदी मला काचत होतं तिथेच. "ताई, हे एकदा सोडलेलं आहे."

घरी येऊन आत्याला फोन केला. म्हणाली, "हो मग, काखेत काचायचं ना मला. तुलाही तिथेच काचतंय? बरं, रविवारी ये, माळ्यावर अजून एक बॅग आहे, मला स्टुलावर चढवत नाही."