बाटलीभर कॅल्शियमने खुबा घट्ट होत नाही

मिरजेच्या भाच्याने लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी पाच हजार इसार दिला आणि त्याच रात्री घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला: 'कुत्र्याच्या कमरेचा आजार आनुवंशिक नसतो, कॅल्शियम कमी पडल्याने होतो. रोज दोन चमचे पाजा, जिना चढवा. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद असले, आईबाप नीट चालत असले की डोळे झाकून पिल्लू घ्या.' सांगलीत मला हा मेसेज आजवर चौघांनी पाठवलाय. आता बास झालं.

आधी कॅल्शियम, कारण खरं नुकसान तेच करतं. या कमरेच्या आजाराचं नाव हिप डिस्प्लेसिया, आणि तो म्हणजे हाडं ठिसूळ होणं नव्हे. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत घट्ट बसायला हवा. इथे तो सैल राहतो, घासत राहतो, आणि पुढे संधिवात जडतो. सैल सांध्याला कॅल्शियम काय करणार? उलट लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. ते अंगात भिनतं आणि कूर्चेचं हाड होण्याचं कामच बिघडवतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या खाद्यात ते पुरेसं असतं. आमच्या राणीला आम्ही चार महिने बाटल्या पाजल्या. आठव्या महिन्यात ती सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळायची आणि आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढायचो. ते आजाराचं लक्षण होतं. दुसऱ्या वर्षी तिला अंगणाची पायरी चढवेना.

खाण्याचा संबंध आहे, एवढं मान्य करते. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांच्या तुलनेसाठी 24 जोड्या करून त्यांना जन्मभर पाहिलं. आयुष्यभराचे निष्कर्ष 2002 साली आले. जोडीतल्या एकाला 25 टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचे खुबे कमी बिघडले, आणि ते साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले. म्हणजे पिल्लू गुबगुबीत करू नका. पण मापात खाऊनही काहींचे खुबे बिघडलेच. ते रक्तातून आलेलं होतं.

जिन्याचं तर पूर्ण उलटं आहे: पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांत धोका वाढलेला दिसलाय. केसीआयचे कागद वंशावळ सांगतात, खुबा नाही.

राहिले आईबाप. सौम्य दोष असलेलं कुत्रं वर्षानुवर्षं लंगडत नाही, पिल्लांना मात्र दोष देऊन जातं. तो दिसतो एक्स-रेत, आणि अमेरिकेतली ओएफए ही संस्था 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय खुब्याला अंतिम दर्जा देत नाही. मग 45 दिवसांच्या पिल्लाला अंगणात पळवून दाखवलं, त्यातून काय कळणार? आईबापाचे एक्स-रे मागा, जमलं तर त्यांच्या भावंडांचेही. दोघांचे खुबे चांगले असूनही एखादं पिल्लू सदोष निघू शकतं, पण ती शक्यता कमी होते.

काल भाच्याने विक्रेत्याकडे आईचा एक्स-रे मागितला. 'आजवर कुणी मागितला नाही' एवढंच उत्तर आलं. इसार बुडाला तर बुडू दे, पण ते पिल्लू आणू नकोस, असं मी त्याला सांगितलंय.