भाव वाढला म्हणून करार रद्द होत नाही, ते फॉरवर्ड पुढे पाठवू नका

"अनपेक्षित परिस्थिती आली की कलम ५६ खाली कुठलाही करार आपोआप रद्द. मालाचे भाव वाढले तरी लागू. ॲडव्हान्स परत द्यायची गरज नाही, दुकानाचं भाडंही थांबवा." हे फॉरवर्ड गेले आठ दिवस फिरतंय. मी सोडून दिलं असतं, पण माझ्या आतेभावाने, दादाने, ते खरं मानलं. त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, एका शेडच्या कामाला ६० हजार ॲडव्हान्स घेतला, तेवढ्यात लोखंडाचा रेट चढला आणि आता गिऱ्हाइकाला तेच फॉरवर्ड टाकून तो फोनच उचलत नाहीये.

आधी ॲडव्हान्सचं बोलू, कारण लोक खरे गोत्यात येतील ते इथेच. समजा करार खरंच रद्द झाला, तरी हे कलम ५६ ज्यात आहे त्याच १८७२ च्या करार कायद्यात पुढे कलम ६५ आहे. करार शून्य झाला की त्यातून ज्याने जे घेतलं ते त्याने परत करायचं नाहीतर भरपाई द्यायची. कायद्यातच उदाहरण दिलंय: गायकाने कार्यक्रमाचे हजार रुपये आधीच घेतले, मग आजारी पडला, गाता आलं नाही. समोरच्याचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण ते हजार रुपये परत द्यायचेच. अहो, आजारी माणसाला पैसे ठेवून घेता येत नाहीत, तर रेट वाढला म्हणणाऱ्याला कसे येतील? हे असलं लिहून पाठवणाऱ्याचा मला खरंच राग येतो.

आता भाववाढ. अलोपी परशादची १९६० ची सुप्रीम कोर्टाची केस आहे. हे लोक सैन्यासाठी तूप खरेदी करून देणारे एजंट, करार १९३७ चा, मग महायुद्ध पेटलं, खर्च कुठल्या कुठे गेला, त्यांनी जास्त पैसे मागितले. कोर्टाने दिले नाहीत. काम महाग पडलं, अंगावर आलं, म्हणून करार सुटत नाही. २०१७ मध्ये इंडोनेशियाचा कोळसा महागला तेव्हा वीज कंपन्यांनाही कोर्टाने हेच सांगितलं. दादाचं लोखंड यापेक्षा वेगळं नाही.

कलम ५६ खोटं नाहीये, एवढं मान्य करतो. सही झाल्यावर काम अशक्य किंवा बेकायदा झालं तर करार शून्य होतो, आणि अशक्य म्हणजे अगदी शब्दशः अशक्य नव्हे, कराराचा पायाच उखडला तरी चालतं, हे १९५४ च्या कलकत्त्याच्या जमिनीच्या केसमध्ये कोर्टाने सांगितलंय. पण तिथे युद्धासाठी सरकारने जमीन ताब्यात घेतली होती, तरीसुद्धा करार टिकलाच!

फोर्स मेज्योर, म्हणजे हाताबाहेरची आपत्ती आली तर कामातून सूट देणारी अट, प्रत्येक करारात आपोआप नसतं, लिहिलं असेल तरच आणि लिहिलंय तेवढंच. भाड्याचं म्हणाल तर २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या भाडेकरूंना हायकोर्टाने भाडं माफ केलं नाही, भरायला थोडी मुदत दिली.

काल रात्री दादाकडून कोटेशनचा फोटो मागवला. एकच पान, खाली शिक्का, रेट वाढला तर काय याबद्दल एक ओळ नाही. त्याला म्हटलं, वाढीव रेटचं गिऱ्हाइकाशी समोर बसून बोल, ते नाही म्हणाले तर ठरलेल्या भावात शेड उभी कर. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जातोय, मीही सोबत आहे.