ठरलं नाही

बिझनेस स्कूलच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘इंटेंडेड कॉन्सन्ट्रेशन’ नावाची एक चौकट असते. म्हणजे आवतणाचा पत्ता नाही, पण पंगतीत दुसऱ्यांदा काय वाढून घ्याल ते आत्ताच लिहून द्या. पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखंच. कॉन्सन्ट्रेशन म्हणजे त्यानंतरचे एका क्षेत्रातले, सहसा तीन-चार-पाच ऐच्छिक विषय. हार्वर्डात ही भानगडच नाही. बाकीच्यांकडेही निवड सहसा बंधनकारक नसते. मग विचारता कशाला? तर निबंधाशी जुळतं का ते ताडायला. निबंधात रुई-सरकीचा हिशेब आणि चौकटीत हेल्थकेअर, की मुलाखतीत पहिला घाव तिथंच. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. अभ्यासक्रमावर ‘स्टेम’चा, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताचा शिक्का असेल, तर परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर तिथं काम करायच्या १२ महिन्यांवर आणखी २४ मिळू शकतात. काही ठिकाणी हा शिक्का कॉन्सन्ट्रेशनवरच ठरतो.

घरची लाइन गेली म्हणून तालुक्याच्या सेतू केंद्रात बसलो होतो. शेजारी पीकविम्याच्या पावतीसाठी आलेले काका.

“काय भरून रायला?”

“फायनान्स.”

“म्हंजे हप्ता थकला की फटफटी उचलून नेतेत थे?”

“तसं नाही, काका.”

“अन एकच? आमी आठ तासं पऱ्हाटीचे टाकतो, दोन तुरीचे. पऱ्हाटी गेली त तूर हाय.”

सल्ला बिनतोड होता, याचाच राग आला. दुसऱ्या पसंतीची चौकट खाली होतीच. मुकाट सप्लाय चेन टाकलं.

तेवढ्यात ऑपरेटरनं माऊस हिसकला आणि चाक फिरवलं. यादीतून निवडल्यावर आधी रिकाम्या जागी क्लिक करायचं असतं. नाहीतर काही संगणकांवर चाकानं पान सरकत नाही, निवडच सरकते. पीडीएफ तपासायच्या आत त्यानं सबमिट दाबलं. फी परत नाही, दुरुस्ती नाही. आता ॲडमिशन ऑफिसला गयावया करणारा मेल.

प्रिंट निघाली. ऑपरेटरनं मोठ्यानं वाचली, “दुसरी पसंती, अनडिसायडेड.”

“म्हंजे?”

“ठरलं नाही, काका.”

सगळं केंद्र माझ्याकडे वळलं. काकांचा आवाज एकदम मऊ झाला. “शेतीवाल्याच्या पोराले कोनी पोरगीच देत नाई आता. पन गड्या, पयलीचा पत्ता नाई अन दुसरी कायले?”

ऑपरेटरनं प्रिंटचे वीस रुपये घेतले. काकांनी त्याच प्रिंटच्या पाठीवर एका वधू-वर मेळाव्याची तारीख लिहून दिली.