तीन तिगाडा, फोटो बिगाडा

मला मुलगा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण शनिवारपासून पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात तो सातवीला आहे, सेमी इंग्लिशला आहे आणि बापाच्या फाजील लाडांमुळे वाया चाललाय.

झालं ते तीन बोल्टांपायी. माझ्याकडे टेबलावर ठेवायची छोटी परावर्ती दुर्बीण आहे. आरसा ११४ मिलीमीटर, नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रकाश एकवटतो तिथवरचं, ४५०. डोळ्यांनी बघायला झकास. पण मला हौस फोटोंची, तेही तेजोमेघांच्या. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, काढून कॅमेरा लावला की सगळं धूसर. प्रकाश एकवटतो ती जागा नेत्रिकेच्या सोयीनं ठरवलेली, आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या तोंडापासून ४४ मिलीमीटर आत दडून बसलेला. प्रतिमा तिथवर पोचतच नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे खालचा आरसाच नळीत तीनेक सेंटिमीटर वर सरकवायचा. तो तीन बोल्ट आणि तीन स्प्रिंगांवर तोललेला असतो. लांब बोल्ट आणले की झालं. हे ‘की झालं’ ज्यानं शोधून काढलं, त्याला मला एकदा भेटायचंय.

नमुन्याचा बोल्ट खिशात घालून दुकानात गेलो.

“पाच एमएमचे, साठ लांबीचे तीन बोल्ट द्या.”

मालकांनी नमुना चिमटीत धरून उजेडात फिरवला. “दीड सूत म्हणा की.”

“दीड सूत पावणेपाच भरतं हो. हा पाच आहे.”

“इथं चाळीस वर्षं सूतच चालतंय,” म्हणत त्यांनी दीडसुती बोल्ट पुढ्यात टाकला. माझा नट त्यावर दोन आटे गेला आणि रुसला. “जाईल. पान्यानं आवळा.”

शेवटी दुकानातल्या पोरानं मागच्या फडताळातून पाच एमएमचे शोधून काढले. मालकांनी मोजले. “चार देतो.”

“तीनच हवेत.”

“तीन तिगाडा, काम बिगाडा. चार न्या.”

मी समजावलं, की तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू डुगडुगत नाही, चौथा टेकू आला की डुगडुगते. मालक ज्या स्टुलावर बसले होते त्याला चार पाय होते आणि एकाखाली पुठ्ठ्याची घडी होती. मी बोललो नाही. माणसानं कुठं थांबावं हे मला कळतं, फक्त एरवी उशिरा कळतं.

“आरशाला बोल्ट?” शेजारून आवाज आला. नळाचा वायसर घ्यायला आलेले गृहस्थ. जुना, चेपलेला वायसर त्यांनी करंगळीत अंगठीसारखा अडकवला होता. “मुलाचं प्रोजेक्ट वाटतं?”

इथं मी चुकलो. ४६ वर्षांच्या माणसानं ‘नाही, माझंच आहे’ म्हणायला जी छाती लागते ती शनिवारी सकाळी माझ्याकडे नव्हती. ‘हो’ म्हटलं की विषय संपेल असं वाटलं.

“कितवीला?”

“सातवीला.”

“मग तो कुठाय?”

“क्लासला गेलाय.”

“बघा!” वायसरवाले मालकांकडे वळले. “प्रोजेक्ट त्याचं, आणि बोल्ट हे शोधतायत. अहो, उद्या त्याची परीक्षा तुम्हीच द्या. पुढे नोकरीही तुम्हीच करा त्याची. आम्ही शाळेत होतो तेव्हा बापाला मुलाची इयत्ता माहीत नसायची!”

मालकांनी मान डोलावली. काउंटरवरचं पोरगंसुद्धा माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायला लागलं. आणि मग ते घडलं, ज्याची मला आजही लाज वाटते. मला राग आला, माझ्यासाठी नव्हे, मुलासाठी. “तो हुशार आहे हो,” मी तावातावानं म्हणालो, “अक्षर जरा वाईट आहे, इतकंच.”

“अक्षर घटवून घ्या,” वायसरवाले म्हणाले. “दुर्बिणीचं नंतर बघू.”

न्यूटननं १६६८ साली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा आरशाचा धातूसुद्धा स्वतः ओतला आणि स्वतः घासला. लोक याला प्रतिभा म्हणतात. मला वाटतं त्याला दुकानात जायचं नव्हतं.

बोल्ट बसले, आरसा वर आला. अकरापर्यंत गच्चीत आरसे एका रेषेत आणत बसलो. लक्ष्य मृगातला तेजोमेघ, बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा. १८८० साली हेन्री ड्रेपरनं त्याचा पहिला फोटो काढला तेव्हा कॅमेरा पन्नासेक मिनिटं उघडा ठेवला होता, पण त्याची दुर्बीण घड्याळाच्या यंत्रानं आकाशामागे फिरत होती. माझी लाकडी बैठक आहे तिथंच असते, आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) आणि फोटोत तारे ओघळतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाचे फोटो काढायचे, दर थोड्या वेळानं दुर्बीण बोटानं ढकलायची, असे चारशे काढून एकावर एक रचायचे.

आणि वर सोसायटीचा हॅलोजन. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या संरक्षणासाठी रात्रभर जळतो. तासभर बंद ठेवा म्हणून अर्ज केला होता. ‘चोरी झाली तर जबाबदार कोण?’ असं उत्तर आलं. टाकी चोरून चार मजले उतरवणाऱ्या माणसाचा तर मी सत्कार करीन. याच शहरात लहानपणी आजीनं गच्चीतून आकाशगंगा बोट धरून दाखवली होती. आता बोट दाखवलं तर टोकाला टॉवरचा लाल दिवा असतो. यात विनोद कुठला आणायचा?

फोटो आला. अंगठ्याएवढा करडा-हिरवट ढग, कडा काळवंडलेल्या, कारण खालचा मोठा आरसा वर आला की नळीतला दुसरा, छोटा आरसा अपुरा पडतो. पण ढगाच्या पोटात तारे सुटे दिसत होते, जरा लांबुडके. चार. हे मी त्या मालकांना कधीही सांगणार नाही.

बुधवारी डेअरीवर वायसरवाले भेटले. “काय, झालं का प्रोजेक्ट?”

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, स्क्रीन नाकाशी धरून बराच वेळ बघितलं.

“मुलानं काढला?”

“हो.”

“छान आहे,” ते म्हणाले. “तुम्ही हात लावला नसतात तर आणखी चांगला आला असता.”