संकासुर, सेन्सॉर आणि घरातली पोरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

"गणपतीत घरातल्या पोरांसोबत कुठला सिनेमा बघावा" या लेखाखाली कुडाळच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आहे तशी देते (दशावतार म्हणजे आमच्या कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, आणि संकासुर हा त्यातला राक्षस) :

"तुम्ही एवढी चाळणी लावलीत की वाचूनच सिनेमा बघायची इच्छा मेली. आम्ही रात्र रात्र दशावतार बघत मोठे झालो, संकासुर अंगावर यायचा, कोणाचं काय वाकडं झालं? सेन्सॉर बोर्ड कशाला आहे मग? मराठी सिनेमा म्हटला की तुमचा हात सैल सुटतो. आणि घरात सतरा कामं असताना आधी सिनेमा बघून ठेवायला वेळ कोणाला आहे? घाबरट आईबापांची घाबरट पोरं तयार करायचा हा धंदा बंद करा."

नाव लिहिलेलं नाहीत, म्हणून दादा म्हणते. दादा, तुमचं मत वेगळं असायला माझी ना नाही. पण धंदा कसला? या ब्लॉगवर एक जाहिरात नाही, मी कोणाचं काही विकत नाही. आणि ज्यांना तुम्ही घाबरट म्हणालात, त्या आईबापांनी त्याच लेखाखाली साधे प्रश्न विचारलेत. चार वर्षांच्या मुलीला थेटरात न्यावं का? आजोबा समोर बसलेले असताना कुठलं गाणं लागलं की सगळ्यांना अवघडायला होईल? आपल्या पोराचा विचार करून प्रश्न विचारणाऱ्या माणसाला घाबरट म्हणायचं? त्यांच्या ओटीवर बसून, चहा घेताना, हेच वाक्य तुम्ही त्यांच्या तोंडावर बोलला असता का? मला नाही वाटत. इथे लिहिताना मात्र बोलून मोकळे झालात.

एक गोष्ट मान्य. गणपतीच्या धामधुमीत अख्खा सिनेमा आधी बघून ठेवणं कोणालाच जमणार नाही. त्यासाठी पाऊण तासात होणारी रीत खाली देते.

आता संकासुर. तुमच्या प्रतिक्रियेत खरा मुद्दा हा एवढाच आहे, म्हणून त्यालाच सविस्तर उत्तर देते. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मे महिन्यात वाडीतल्या पोरांना दाखवायचे सिनेमे गेली कित्येक वर्षं मीच निवडते. दाखवताना मी पडद्याकडे पाठ करून पोरांकडे तोंड करून बसते. पोर कुठे डोळे झाकतं, कुठे शेजारच्याचा हात धरतं, कुठे उगाच मोठ्याने हसतं, हे तिथून दिसतं. तेव्हा हे मी नुसतं पुस्तकात वाचून लिहिते आहे असं समजू नका.

जत्रेतला दशावतार डोळ्यांसमोर आणा. मंडपात उजेड लख्ख. बसायला एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज. रात्री जो राजा होऊन त्या बाकड्यावर बसणार, तो तोंडाला रंग लावत असताना पोरं तिथेच घुटमळत असतात, म्हणजे राजा आणि राक्षस दोघेही माणसं आहेत हे त्यांनी आधीच पाहिलेलं असतं. संकासुर काळ्या कपड्यांत येतो, पण आल्या आल्या मालवणीत बोलायला लागतो, भटजीची टर उडवतो आणि मंडपात हशा पिकतो. एखाद्या पोराने भोकाड पसरलं तर तो तिथल्या तिथे सूर बदलू शकतो, दोन पावलं मागे सरकू शकतो, कारण त्याला ते पोर दिसत असतं. युद्ध म्हणजे मृदंगाच्या ठेक्यावर गोल फिरणं. तलवारीला रक्त लागत नाही. भीती वाटली तर पोर उठून खाज्याच्या दुकानाकडे जातं, दमलं तर आईच्या मांडीवर झोपतं. शेजारीपाजारी सगळे ओळखीचे.

सिनेमात यातलं काय आहे? कॅमेरा खलनायकाचा चेहरा भिंतीएवढा करून पोरासमोर आणतो. सुरा येताना दिसत नाही, दृश्य तुटतं आणि तो एकदम समोर असतो. मोठ्या थेटरांच्या ध्वनीचं जे मानक आहे त्यात एकेका स्पीकरचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज तर कानाआधी छातीत जाणवतो. डोळे मिटले तरी तो थांबत नाही. अंधारात बाहेर पडायचं तर अख्खी रांग ओलांडावी लागते. आणि पोर रडतंय म्हणून पडद्यावरचा माणूस थांबत नाही. संकासुराला घाबरलेलं पोर आणि पडद्याला घाबरलेलं पोर, दोघांची भीती एकच धरून चालणं चूक आहे.

शिवाय वय. तीन ते सहा-सात वर्षांचं पोर दिसण्याला घाबरतं : दात, डोळे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे चांगला माणूस बघता बघता भलताच होणं. या वयाला "खोटं असतं ते" सांगून काही उपयोग होत नाही. जवळ घेणं, दिवा लावणं, दृश्य बंद करणं, याचाच होतो. आठ-नऊनंतर उलटं होतं. राक्षसाला ते हसतं, पण जे घडू शकतं त्याला घाबरतं : पळवून नेणं, अपघात, आई किंवा वडील जाणं. म्हणून कार्टून आहे म्हणजे लहानांचं, हाही समज सोडा. मारामारी झेलणारं पोर कार्टूनमधल्या आईच्या मरणाने आठवडाभर आईच्या पदराला धरून राहतं.

'जॉज' या शार्कच्या सिनेमाचं उदाहरण घ्या. १९७५ च्या या सिनेमाला अमेरिकेत 'पीजी' मिळालं होतं, म्हणजे पालकांनी बघून ठरवा. 'पीजी-१३', म्हणजे तेराच्या आतल्यांसाठी जास्त सावधगिरी, ही पायरी तिथे १९८४ मध्ये आली. सुरुवातीलाच रात्री पोहायला गेलेली मुलगी पाण्याखालून ओढली जाते, आणि त्या दृश्यात शार्क दिसतच नाही. घरात मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण खाणारा आपल्याकडचा दहा वर्षांचा मुलगा नंतरच्या रबरी शार्कला हसेल. पण न दिसणाऱ्या गोष्टीला तो हसत नाही. दुसऱ्या दिवशी तो गुडघाभर पाण्यापुढे गेला नाही तर त्याला भित्रा म्हणू नका.

"सेन्सॉर बोर्ड कशाला आहे मग?" बोर्डाचं काम वेगळं आहे म्हणून. शिक्का काय सांगतो ते आधी बघू. १९८३ पर्यंत 'यू' (सगळ्यांसाठी) आणि 'ए' (फक्त मोठ्यांसाठी) असे दोनच शिक्के होते, मधला 'यूए' (पोरांचं पालकांनी ठरवावं) नव्हताच. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या सिनेमावर 'यू' दिसलं म्हणून तो आजच्या 'यू'इतका सौम्य असेलच असं नाही. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. त्याआधीच्या सिनेमांवर नुसतं 'यूए' लिहिलेलं असतं, त्यावरून बाराच्या आतल्यांचं पालकांनी ठरवावं, एवढंच कळतं. आणि '१६+' म्हणजे सोळाच्या आतल्यांना बंदी नव्हे. त्यांना दाखवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं, एवढाच त्याचा अर्थ. अठराच्या आतल्यांना दारात अडवायचं ते फक्त 'ए'ला. दारावरच्या माणसाने सोडलं म्हणजे सिनेमा पोरांचा आहे, असं समजून किती घरं सहकुटुंब आत जातात! बोर्डाने निर्णय तुमच्यावर सोपवलाय, आणि तुम्ही तो परत बोर्डाकडे पाठवताय.

मोबाइलवर किंवा टीव्हीला जोडून जे ओटीटी बघतो, तिथला शिक्का २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपनीने स्वतः लावलेला असतो. त्याच्याजवळ हिंसा, शिवीगाळ, मद्यपान असे दोन-तीन शब्द लिहिलेले असतात. आकड्यापेक्षा ते शब्द वाचा. '१३+' आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांनी कुलूप लावायची सोय देणं कंपनीला बंधनकारक आहे, पण त्याचा पिन घरातल्या फोनचाच ठेवलात तर ते कुलूप पोर पहिल्याच दिवशी उघडतं. आणखी एक फसगत नेहमी होते. "टीव्हीवर बघितलाय, काही नव्हतं त्यात" म्हणून तोच सिनेमा ओटीटीवर लावतात. टीव्हीवर अनेकदा कापलेली आवृत्ती येते. ओटीटीवर बहुधा पूर्ण असते. यूट्यूबवरच्या हिंदीत डब केलेल्या मारधाडपटांवर तर वयाचा आकडा बहुधा दिसतच नाही.

आणि बोर्डाला तुमचं घर कुठून माहीत असणार? चिपळुणात २२ जुलै २०२१ ला ज्या पोरांनी घरात पाणी चढताना पाहिलं, त्यांच्यासाठी पुराच्या एका दृश्याचं वजन पुण्याच्या पोरापेक्षा वेगळं असतं. पावसाळी मासेमारीबंदी उठते, होड्या बाहेर पडतात आणि बऱ्याचदा त्याच सुमारास गणपती येतात. ज्याचा बाप त्या रात्री समुद्रात आहे, त्याच्यासमोर वादळात होडी उलटायचं दृश्य लावायचं का, हे कुठल्या शिक्क्यावर लिहिलेलं असणार? ते घरातल्या मोठ्या माणसालाच ठरवावं लागतं.

आता पाऊण तासाची रीत. पहिली दहा मिनिटं सलग बघा. भाषा, शिव्या आणि खलनायकाची पहिली एन्ट्री बहुतेक तिथेच असते. मग मध्यंतराआधीची दहा. प्रेक्षकाने पॉपकॉर्न घेऊन परत यावं म्हणून सगळ्यात मोठा धक्का तिथे ठेवलेला असतो. अडीच तासांच्या सिनेमात हे साधारण सव्वा तासाच्या आसपास सापडतं. शेवटची वीस मिनिटं पूर्ण. उरलेल्या भागात खालची पट्टी बोटाने सरकवत छोटी चित्रं बघत जा. गडद निळं किंवा लाल दिसलं की थांबा. सूडाच्या गोष्टीत मध्यंतरानंतर रंग उडालेली जुनी आठवण लागते. बापाचा खून, बहिणीवरचा अत्याचार बहुधा त्यातच असतो, आणि ट्रेलरमध्ये त्याचा मागमूस नसतो. शितावरून भाताची परीक्षा होते, ट्रेलरवरून सिनेमाची होत नाही.

हे सगळं मोबाइलच्या स्पीकरवर तपासू नका. त्यातून तो घुमणारा आवाज येतच नाही, त्यामुळे दृश्य निम्मंच भीतीदायक वाटतं. ज्या स्पीकरवर संध्याकाळी लावणार त्यावरच दोन मिनिटं तरी ऐका.

घरभर माणसं असताना खोलीतलं जागं असलेलं सगळ्यात लहान पोर धरून सिनेमा निवडा. दोन ते चार वर्षांच्या पोरांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, तेव्हा अडीच तासांचा कुठलाच सिनेमा त्यांचा नाही. त्यांना माजघरात झोपवा, पण आवाज तिथे पोचतो हे ध्यानात ठेवा. खळ्यात चादर बांधून प्रोजेक्टर लावलात तर स्पीकर पुढे असतो आणि बारकी पोरंही हटकून पुढेच बसतात. त्यांना मागे, मोठ्यांच्या मांडीजवळ बसवा. पडवीतला एक दिवा चालू ठेवा.

नको ते दृश्य आलं की रिमोटने पुढे पळवायचं, हा उपाय सगळ्यात जास्त फसतो. आवाज आधीच येऊन गेलेला असतो, आणि काय लपवलं हे पोर दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून बघतं. त्यापेक्षा तो सिनेमाच लावू नका. आरतीची वेळ झाली म्हणून ऐन संकटात सिनेमा बंद करणं त्याहून वाईट. पोराच्या डोक्यात ते संकट रात्रभर तसंच राहतं. नायक सुटला, घरी पोचला, एवढं बघून मग थांबवा. आरती दहा मिनिटं उशिरा झाली तरी गणपती रागावणार नाहीत.

हाणामारीपेक्षा मला विनोदाची काळजी जास्त वाटते, आणि तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मुलीचा पाठलाग करणं म्हणजे प्रेम, काळी मुलगी म्हणजे हशा, तोतरं बोलणारा म्हणजे टिंगल : हे 'सहकुटुंब पाहावा' म्हणून जाहिरात केलेल्या सिनेमांतही सर्रास असतं. सुट्टी संपून शाळा भरली की त्या पात्राचं नाव वर्गातल्या तोतऱ्या पोराला चिकटतं. ते वर्षभर निघत नाही. शिव्या म्हणू नये हे पोरांना कळतं. टिंगल मात्र त्यांना आपली वाटते, कारण बाबा आणि काकाही त्याच वाक्याला हसलेले असतात.

मराठी सिनेमाला मी हात सैल सोडते, हे खरं नाही. मूळ लेखाचा तिसरा परिच्छेद वाचायची तसदी घ्या. बाकी शेरेबाजीला उत्तर देत नाही.

पुढची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी टाकीन. तुमच्या मनात एखादा सिनेमा असेल तर त्याचं नाव, टीव्हीवर बघितलात की ओटीटीवर, आणि तुमच्या घरातलं सगळ्यात लहान पोर किती वर्षांचं आहे, एवढं लिहा. त्यावर बोलायला मी कधीही तयार आहे.