मला आवडतो म्हणून

आज सकाळी एका पंचविशीतल्या मुलाने माझ्याच घरात उभं राहून मला सांगितलं की मी निवडलेला रंग 'थोडा डाउनमार्केट' दिसेल. तेव्हापासून डोकं तापलंय. दुपारी कुकर लावताना जरा निवलं होतं, मग नणंदेचा फोन आला आणि पुन्हा तापलं. तर आता इथे लिहून मोकळी होते.

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती, हे तुम्हाला माहीत आहेच. भाड्याच्या घरांचं माझं रडगाणं तुम्ही इथेच ऐकलंय, लाइकही केलंय. अखेर चावी मिळाली. बिल्डरने सगळ्या भिंती पांढऱ्याच्या आसपासच्या कशाने तरी रंगवून दिल्यात, टेकलं की पाठीला भुकटी लागते. म्हणून यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलेला हा इंटिरियरवाला मुलगा आला. टॅबवर आमच्या हॉलचं थ्री-डी चित्र घेऊनच आला. भिंती बेज. सोफा बेज. पडदे म्हणजे बेजचे सख्खे धाकटे भाऊ. टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं फ्लुटेड पॅनल, फॉल्स सीलिंगमध्ये पट्टीसारखा प्रोफाइल लाइट, कोपऱ्यात बुद्धाचं मस्तक आणि उंच फुलदाणीत वाळकं गवत. मी विचारलं, देवघर कुठाय? तर ते पॅनलच्या आत, सरकत्या दाराआड. "म्हणजे क्लटर दिसत नाही, मॅडम."

क्लटर! बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा!

मी शांतपणे शेडकार्ड उघडलं आणि आमसुलीवर बोट ठेवलं. अख्खं घर नाही हो, हॉलची एक भिंत. तिथे ते डाउनमार्केट आलं. पाठोपाठ, "मॅडम, रिसेलला न्यूट्रल बरं पडतं." आणि फोनवर नणंदबाई (वाचतील हे, वाचू देत), "बरोबर बोलतोय तो वहिनी, उद्या मुलांना विकायचं झालं तर?"

अहो, अजून गॅस जोडून झालेला नाही. दूध उतू घालवायचंय. आणि आम्ही विकायच्या गोष्टी करतोय. ज्या माणसाचा अजून पत्ता नाही, जो कदाचित आत्ता शाळेत असेल, त्या गिऱ्हाइकाला आवडावी म्हणून मी माझी भिंत रंगवायची?

आईच्या मोरपिशी भिंतीबद्दल काहीजणांना माहीत आहे. बाकीच्यांनी आता ऐका.

खारकर आळीत चाळीतल्या आमच्या दोन खोल्या. बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला. दिवाळीच्या आधी चुन्यात नीळ कालवायची आणि कुंचा फिरवायचा, बाबांच्या मते रंगकाम एवढंच. एका वर्षी आईला भिशी लागली आणि तिने जाहीर केलं की स्वयंपाकघराच्या एका भिंतीला तेलरंग द्यायचा. मोरपिशी. रंगारी आला. आधी वर्षानुवर्षांचा चुना खरवडून काढावा लागला, कारण चुन्यावर तेलरंग धरत नाही, पापुद्रे सुटतात. तेव्हा आजच्यासारखी दुकानात बटण दाबून रंग काढणारी टिंटिंग मशीन नव्हती. पांढऱ्याच्या डब्यात स्टेनरच्या बाटलीतून थेंब टाकायचे आणि काठीने ढवळायचं. आईने ट्रंकेतून साडी काढून काठ त्याच्यासमोर धरला. "हा." त्याने टाकले थेंब, ढवळलं, पुन्हा टाकले, पण पांढऱ्यात कितीही ओतलं तरी फिका आकाशीच होत राहिला. "वैनी, आकाशीच करून टाका, सगळ्यांकडे तोच आहे." आई म्हणाली, "सगळ्यांकडे आहे ना? मग बघावासा वाटला तर मी त्यांच्याकडे जाईन." शेवटी त्याने तयार निळा आणि तयार हिरवा तेलरंग एकत्र करून, त्या काठाशी ताडून ताडून रंग जमवला.

बाबांनी संध्याकाळी येऊन विचारलं, "हा का?" आई म्हणाली, "मला आवडतो म्हणून."

एवढंच. वास्तू नाही, ट्रेंड नाही, लोक काय म्हणतील नाही. हे कारण आता कुणाच्या तोंडून ऐकू येत नाही. गेल्या काही महिन्यांत आमच्या बिल्डिंगमधली कितीतरी रंगलेली घरं बघून आले. प्रत्येकीला विचारलं, हा रंग का घेतलास गं? "खोली मोठी दिसते." "सगळ्यावर जातो." "डिझायनर म्हणाला." "ट्रेंडमध्ये आहे." एकीने, फक्त एकीने सांगावं ना, की मला आवडतो! घरात शिरलं की दारावरची पाटी बघितल्याशिवाय कळत नाही की मी जोश्यांकडे आलेय की म्हात्र्यांकडे.

मान्य आहे, फिक्या रंगाने लहान खोली मोकळी वाटते. आईच्या मोरपिशी भिंतीने स्वयंपाकघरात दुपारी चारलाच दिवा लावावा लागायचा आणि बाबा विजेचं बिल हातात घेऊन त्या भिंतीकडे बघायचे. झालं? पुढे जाऊ?

मुळात बेजवाल्यांनासुद्धा आपला बेज नीट माहीत नसतो, हा माझा राग आहे. त्या मुलाला मी विचारलं, हा रंग तू कुठल्या दिव्याखाली पाहिलास? गप्प. टॅबवर पाहिला म्हणे! अरे बाळा, तीन हजार केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली जो रंग सायीसारखा वाटतो तोच साडेसहा हजारच्या पांढऱ्या ट्यूबखाली आजारी दिसतो. आमच्या हॉलच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर दुसरा टॉवर आहे, विटकरी रंगाचा. दुपारी त्याच्यावरचं ऊन परतून आमच्या घरात येतं आणि पांढरी भिंत गुलाबी होते. तुझा बेज तिथे काय होईल याचा विचार केलास? शेडकार्डावरचा दोन बोटांचा तुकडा आणि दहा फुटांची भिंत यात फरक असतो. भिंतीवर रंग नेहमी जास्त अंगावर येतो. म्हणून सॅम्पलचा छोटा डबा आणायचा, दोन बाय दोन फुटांचा चौकोन भिंतीवर मारायचा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवा लावून बघायचा. काही कंपन्या शेडबरोबर एलआरव्हीचा आकडाही देतात, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो ते. शून्य म्हणजे मिट्ट काळा, शंभर म्हणजे पांढराशुभ्र. तो आकडा बघायचा. हे मी एका बँकेतून रिटायर झालेल्या बाईने इंटिरियरवाल्याला शिकवायचं?

बरं, हे ट्रेंड तरी ठरवतं कोण? अमेरिकेतली ती पॅन्टोन कंपनी दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२५ साठी त्यांनी 'मोका मूस' निवडला. तपकिरी. आमच्याकडे शाळेच्या दप्तराला असायचा तो. तिकडे त्यांच्याकडे हिवाळ्यात चार महिने राखाडी आभाळ असतं, त्यांना उबदार वाटत असेल, वाटू दे. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, येऊरचा डोंगर हिरवागार होतो, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्या तरी बघा. अबोली, डाळिंबी, कुसुंबी, केतकी, शेवाळी. अंगावर हे सगळं चालतं. लग्नात चालतं. रांगोळीत चालतं. भिंतीवर आलं की डाउनमार्केट.

घोडबंदर रोडने माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत कधी वर बघत जा. बिस्किट, बिस्किट, राखाडी, बिस्किट. (तिथल्या धुळीत दुसरं काही टिकत नाही, हेही खरं. मळखाऊ रंगाची सोय मलाही कळते.) पण बाहेरचा रंग सोसायटीने मीटिंगमध्ये ठरवायचा असतो, तिथे पन्नास डोकी, तिथे बिस्किटावरच एकमत होणार. आत तर तुम्हीच आहात ना? आत कुणाची मीटिंग बोलावताय?

बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, सिडकोसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलेलं. माझी मावसबहीण त्या बाजूला राहते. सात-सात घरांचा पुंजका, मध्ये अंगण, आणि कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. म्हणजे ज्याला हवं त्याने वाढवावं, बदलावं, आणि लोकांनी बदललं. कुणी मजले चढवले, कुणी टाइल्स लावल्या, कुणी पोपटी फासला. आर्किटेक्चरची मुलं येतात, जुने फोटो बघून आलेली असतात, आणि हळहळतात, अरेरे, मूळ रूप राहिलं नाही. मला तर वाटतं कोरियांना बरोबर कळलं होतं की लोक गप्प बसणार नाहीत. काही घरं भयंकर दिसतात, मावसबहिणीच्या शेजारचं एक तर जाहिरातीच्या फलकासारखं आहे. पण कुणाचं घर कुठलं ते लांबून कळतं.

आणि एक. त्या मुलाच्या चित्रात पॅसेजमध्ये वारलीचा स्टिकर होता. "एथनिक टच, मॅडम." वारली आपल्याच मातीतली, डहाणू-तलासरीकडची. २०१४ पर्यंत तो सगळा ठाणे जिल्हाच होता. कुडाच्या भिंतीवर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लालसर तांबडं आणि पांढरं, याहून ठसठशीत काय असतं? वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती या भिंतीवरच्या चित्रांनी कागदावर येऊन जग पाहिलं म्हणून. तीच तांबडी भिंत एखाद्या बाईने आपल्या हॉलमध्ये खरोखर केली तर तुम्ही नाक मुरडणार. फ्रेममध्ये दीड फूट असेल तर एथनिक, आणि दहा फूट असेल तर गावठी. वा!

आईची भिंत पुढे फार गाजली. मला बघायला आले तेव्हा पोहे त्याच भिंतीसमोर बसून खाल्ले गेले. सासूबाई घरी परतल्यावर म्हणाल्या होत्या म्हणे, "मुलगी चांगली आहे, भिंत भडक आहे." (नणंदबाई तेव्हाही होत्या.) नंतर वरच्या मजल्यावरून ओल आली, रंगाला फुगे आले, खरवडून पुन्हा रंग द्यायची वेळ आली. पण तो जुना रंगारी गावी निघून गेला होता आणि त्याचं मिश्रण कुणालाच जमेना. नवीन तुकडा कायम जरा जास्तच हिरवा राहिला. बाबा म्हणाले, अख्खी भिंत पांढरी करून टाकू. आईने त्या तुकड्यावर कालनिर्णय टांगलं आणि विषय संपवला.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, म्हणून त्या मुलाबद्दलही सांगते. जाताना मी त्याला चहा दिला आणि विचारलं, तुझ्या स्वतःच्या घराला कुठला रंग आहे रे? तर तो कळव्याला दोघा मित्रांबरोबर भाड्याने राहतो. मालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही. मग म्हणाला, घरी, सांगोल्याला, आजीने दाराला गुलबक्षी रंग दिलाय, दर पाडव्याला नवा हात मारते. मी विचारलं, तुला आवडतो? तर म्हणे, "आवडतो म्हणजे काय, ते आमचं दार आहे." मग? मग मला कशाला रे बेज विकतोस? हसला. क्लायंटला फोटो दाखवावे लागतात म्हणाला, आणि फोटोत हेच चालतं. बिचाऱ्यावर मी जास्तच तडकले असेन, पण डाउनमार्केट हा शब्द मात्र त्याने परत घेतलाच पाहिजे, आणि घेतला.

आणि ज्यांना खरंच बेज आवडतो त्यांनी लावा की! माझी एक मैत्रीण आहे, वसंत विहारला, तिचं अख्खं घर मोतिया आहे, एकही वस्तू वर नाही, आणि ती त्या घरात इतकी खूश असते की तिथून उठवत नाही. तिला मी विचारलं होतं, हा का? म्हणाली, दिवसभर शाळेत चाळीस पोरांचा गोंधळ असतो, घरी आलं की डोळ्यांना काही नको वाटतं. संपलं. याला म्हणतात आवड. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते ज्यांना मनातून पोपटी हवाय आणि जे 'सगळ्यावर जातो' म्हणून राखाडी लावतात त्यांच्याशी. तुमच्यातले किमान निम्मे. मी तुमच्या साड्या पाहिल्यात.

यांना विचारलं तर म्हणतात, तुला हवा तो लाव, माझी दुपारची झोप मोडू नका. तेवढा पाठिंबा मला पुरे आहे.

तर सोमवारी रंगारी येतोय. आमसुलीला बहुतेक तीन हात लागतील, गडद रंगाला लागणारा डीप बेसचा डबा महाग पडतो, हे सगळं त्याने आधीच सांगितलंय. देवघर हॉलमध्येच, उघड्यावर, दाराबिराशिवाय राहणार आहे. फ्लुटेड पॅनल रद्द. वाळकं गवतही रद्द. प्रोफाइल लाइट ठेवलाय, तो छान आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

आणि हो, ती भिंत ईशान्येची आहे. मला माहीत आहे. ईशान्येला फिका रंग हवा म्हणतात, तेही माहीत आहे. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.