तिरळी पोर नशीबवान?? बास करा आता
आज डिचोलीला बारशाला गेलो होतो. तिथे एक चारेक वर्षांची पोर मोबाइल बघत बसलेली, स्क्रीन जवळ घेतली की उजवा डोळा सरळ नाकाकडे. मी तिच्या आईला हळूच विचारलं डॉक्टरला दाखवलंत का, तर तिच्याआधी आजीच म्हणाली, "अरे तिरळी पोर नशीबवान, जाईल त्या घरात लक्ष्मी." सगळे हसले. मला पुढे घास गेला नाही.

कारण माझ्या धाकट्या बहिणीबद्दल हेच ऐकत आम्ही मोठे झालो. डावा डोळा आत. गणेशचवथीला पाहुणे आले की तिची हनुवटी वर करून बघायचे, नशीबवान गो! नववीत शाळेत डोळे तपासले. डावा झाकला, धडाधड वाचलं. उजवा झाकला आणि गप्प. सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा नाही. घरी येऊन विचारते, सगळ्यांना एकाच डोळ्याने दिसतं ना?

वळलेल्या डोळ्याचं चित्र लहान मुलाचा मेंदू घ्यायचंच सोडतो हो, मग तो डोळा आळशी पडतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे केलं तर नजर बरीच येते, नंतर कठीण. कुणाचा आत वळतो कुणाचा बाहेर, कुणाचा वर-खाली, कुणाचा फक्त दमल्यावर. जवळचं बघताना आत वळतो तो तर पुष्कळदा प्लस नंबरचा, नुसत्या चष्म्याने सरळ होऊ शकतो!! ऑपरेशनही नको.

तान्ह्या बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने इकडेतिकडे होतात, मान्य. नाक चपटं असलं की नुसता भास होतो, तेही मान्य. पण ते डॉक्टर ठरवेल ना, पंगत नाही.

आमच्या काकांना डायबेटिसमुळे एकाएकी एकाचे दोन दिसायला लागले, डोळा वळला, तर त्याच दिवशी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पळवलं. आणि पोरीसाठी १४ वर्षं थांबलो. का?

आमच्या आजीवर राग नाही माझा, ती प्रेमानेच म्हणायची. बहिणीचं पुढे ऑपरेशन झालं, डोळा सरळ आहे, फोटोत कळतही नाही. नजर मात्र नाही आली. अजून सुईत दोरा ओवताना दोन-तीनदा हुकते, मग गुपचूप आईकडे देते, आणि आई दरवेळी म्हणते मला तेव्हा कळलं असतं तर.

निघताना ती पोरीची आई स्कूटरपर्यंत मागे आली. कुठे दाखवायचं म्हणून विचारलं, हळू आवाजात, आजीला ऐकू जाऊ नये म्हणून. सोमवारी गाडी घेऊन येतो म्हटलंय. बहीणपण येते म्हणाली.